शाळेच्या पेटीतले छिलके आणि डावऱ्या हाताचा प्रश्न

वर्धा खोऱ्यातल्या आमच्या गावच्या शाळेत एक लोखंडी पेटी आहे. विद्यार्थ्यांनी वावरातून, धुऱ्यावरून आणि नाल्याच्या पात्रातून वेळोवेळी वेचून आणलेले दगड तिच्यात साठवलेले आहेत. दुधी गारगोटीचे आणि तपकिरी अकीकाचे छिलके (जुन्या काळच्या माणसांनी हत्यारांसाठी गोटा फोडून काढलेल्या चकत्या), बोटाच्या पेराहून लहान अशी अरुंद पाती, दोन-तीन गाभे (ज्यांवरून छिलके काढले ते गोटे) आणि केवळ चकाकतात म्हणून कोणीतरी उचललेले बरेचसे खडे, असा तो ऐवज आहे. मी इतिहास शिकवतो, म्हणून पेटीची किल्ली माझ्याकडे असते. गेल्या हिवाळ्यात आठवीतल्या एका मुलीने त्यातला एक छिलका डाव्या हाताच्या चिमटीत धरून विचारले, की हा फोडणारा माणूस डावरा होता की उजवा, हे दगडावरून कळते का. ती स्वतः डावरी आहे. (प्रमाण मराठीत डावखुरा म्हणतात, आमच्याकडे डावरा; पऱ्हाटीच्या ओळींतून बैलांमागे चालतो तो डवरा निराळा.) तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही काय केले, त्यात कुठे चुकलो आणि अखेरीस पेटीवर काय लिहिले, याची ही नोंद आहे.

प्रश्न पोरकट नव्हता. आज जगात साधारण दहा माणसांत एक डावरा आढळतो, आणि डावऱ्यांची बहुसंख्या असलेला मानवसमाज कुठेही नोंदलेला नाही. चिंपांझी एकेकटे पाहिले तर कोणी उजव्या, तर कोणी डाव्या हाताने काम करणे पसंत करतो. पण माणसांप्रमाणे सगळा समूहच एका हाताकडे ठळकपणे झुकलेला दिसत नाही. म्हणजे हा कल मानवाच्या वाटचालीत कुठेतरी पक्का झाला असला पाहिजे. उजव्या हाताचे नियंत्रण मेंदूच्या डाव्या अर्धाकडे असते आणि बहुतेकांची भाषाही मुख्यतः त्याच अर्धात सांभाळली जाते, म्हणून हात कधी ठरला हे कळले तर भाषेच्या उगमाचा धागा हाती लागेल, अशी आशा काही अभ्यासकांनी धरली. ही उडी मला फार लांबची वाटते, आणि आमच्या पेटीपुरता तरी तिचा विचार आम्ही बाजूला ठेवला.

गाभा फिरवण्याचा तर्क

छिलका ओळखायचा कसा, हे आधी सांगितले पाहिजे. दगडाच्या गोट्यावर कडेजवळ हातोडा-दगडाचा घाव बसला की घाव बसलेल्या जागेखालून एक चकती सुटते. तिच्या आतल्या अंगाला, म्हणजे पोटाला, घावाखाली एक फुगवटा येतो आणि त्याभोवती शिंपल्यावर असतात तशा वर्तुळाकार लहरी उमटतात. बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाठीला, गोट्याची मूळ साल शिल्लक असते, किंवा त्याआधी उडालेल्या छिलक्याने सोडलेला व्रण असतो, किंवा दोन्ही असतात. नुसता तडकलेला खडा आणि माणसाने फोडलेला छिलका यांतला फरक याच खुणांवरून सांगता येतो.

निकोलस टॉथ या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने १९८५ मध्ये मांडलेला तर्क या पाठीवरच उभा आहे. उजवा माणूस गोटा डाव्या हातात आणि हातोडा-दगड उजव्या हातात धरतो. एक छिलका उडाला की पुढच्या घावासाठी तो गोटा जरासा फिरवतो, आणि डाव्या मनगटाला तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवणे सोयीचे पडते. त्यामुळे नवा छिलका आधीच्या व्रणाच्या उजवीकडून निघतो. घाव बसलेली कड वर आणि पाठ आपल्याकडे करून तो धरला, तर डाव्या अंगाला गुळगुळीत व्रण आणि उजव्या अंगाला खरबरीत साल दिसते. डावऱ्याच्या छिलक्यांत याच्या उलट दिसले पाहिजे. केनियातल्या तुर्काना सरोवराकाठच्या कूबी फोरा येथील १९ लाख ते १४ लाख वर्षांपूर्वीच्या छिलक्यांत टॉथ यांना उजव्या अंगाला साल असलेल्यांचे डाव्या अंगवाल्यांशी प्रमाण ५७ : ४३ आढळले, आणि स्पेनमधल्या अँब्रोना या त्यानंतरच्या स्थळावर ते ६१ : ३९ निघाले. आज उजव्या हाताने प्रयोगादाखल फोडलेल्या दगडांत ५६ : ४४ असे प्रमाण मिळाले होते.

वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मुले पहिल्या दोन जोड्यांवर खूश झाली. माझे लक्ष मात्र तिसऱ्या जोडीवर अडकले, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म तीच आहे. हात उजवा असल्याचे पक्के ठाऊक असतानाही शंभरांतले चव्वेचाळीस छिलके ‘डावऱ्या’ बाजूचे निघत असतील, तर मुलीने चिमटीत धरलेल्या एका छिलक्यावरून हात सांगण्याचा प्रश्नच उरत नाही. ही पद्धत लागू पडली तर फक्त ढिगाला पडेल, आणि ढीग किती मोठा हवा याचा हिशेब आम्ही नाण्यावर मांडला. नाणे ४० वेळा उडवले तर छाप १४ ते २६ या मर्यादेत कितीही वेळा पडू शकतो आणि त्यात काही नवल नसते. आता ४० छिलक्यांचे ५७ टक्के म्हणजे जेमतेम २३, म्हणजे निव्वळ योगायोगाच्या मर्यादेच्या पुरते आत. सात टक्क्यांचा झुकाव योगायोगाहून वेगळा दिसायला किमान २०० छिलके लागतात, आणि तो बऱ्यापैकी खात्रीने सापडावा असे वाटत असेल तर सुमारे ४००.

पेटीची चाळणी

पेटीत वरवर पाहता माल पुष्कळ होता. तो एका रविवारी सतरंजीवर पसरून आम्ही निवडायला बसलो आणि ढीग भराभर आटत गेला.

सर्वांत मोठा वाटा बारीक पात्यांचा निघाला. त्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात. गारगोटीच्या लहानशा गोट्याची साल आधी पूर्ण काढून, नीट तयार केलेल्या गाभ्यावरून अशी पाती एकामागून एक सोलली जातात. त्यांच्या पाठीवर सालच नसते, म्हणून टॉथ यांची कसोटी त्यांना लावताच येत नाही. ती कसोटी साध्या, हातात मावणाऱ्या गोट्यावरून काढलेल्या सालवाल्या छिलक्यांसाठी आहे. जुन्या संग्रहांना नवी पद्धत उत्साहाने लावताना ही अट सहज नजरेआड होऊ शकते, आणि ती आम्हीही पहिल्या दिवशी विसरलो होतो.

दुसरी गाळणी रंगाची. शेकडो वर्षे मातीत पडलेल्या गारगोटीवर मळकट पांढरे पुट चढते. ज्या छिलक्याचे पुट एका कडेला तुटून आतला ताजा, काचेसारखा रंग दिसतो, त्याला अलीकडेच नांगर, वखर किंवा रोटाव्हेटरचा मार बसलेला असतो. असे छिलके बाद केले. एक तुकडा मला फार देखणा वाटला होता. त्याच्या कडेला ओळीने बारीक टवके काढलेले दिसत होते. भिंगातून पाहिल्यावर त्यातला प्रत्येक टवका ताजा निघाला. ती कारागिरी ट्रॅक्टरची होती.

तिसरी अडचण माझ्या हातची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मुलांनी आणलेले दगड सुरुवातीला वेगवेगळ्या कागदी पुड्यांत होते आणि प्रत्येक पुडीवर वावराची खूण लिहिलेली होती. काही वर्षांपूर्वी प्रदर्शनाच्या घाईत मी ते सगळे एका बादलीत धुऊन एकत्र वाळत घातले. विदर्भात चंद्रपूरजवळच्या पापामिया टेकडीसारख्या ठिकाणी पुराश्मयुगाची हत्यारे सापडली आहेत, तर नागपूर परिसरात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा येथे लोखंड वापरणाऱ्या लोकांची शिलावर्तुळे आहेत. म्हणजे आमच्या बादलीत काही शतकांचे नव्हे तर हजारो वर्षांचे अंतर एकत्र भिजले असण्याची शक्यता आहे. ढिगावरून एखाद्या समूहाबद्दल बोलायचे असेल, तर तो ढीग एका समूहाचा आहे हे आधी सांगता आले पाहिजे. ते सांगण्याचा आधार मी पाण्यात घालवला होता.

इतके गाळून जे उरले ते चाळिशीच्या आत होते. तरी मोजायचे ठरले. मी एका वहीत मोजले, मुलीने दुसऱ्या वहीत, एकमेकांना न दाखवता. वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा बऱ्याच छिलक्यांवर आमचे जमले नाही, कारण साल अर्ध्याहून थोडी पलीकडे गेली असेल किंवा टोकालाच उरली असेल, तर ती कोणत्या अंगाची धरायची हे ज्याच्या त्याच्या नजरेवर राहते. आमच्या मतभेदाचे छिलके इतके होते, की कूबी फोराचा सात टक्क्यांचा झुकाव त्यात सहज बुडाला असता.

अंगणातली दुपार

मोजणीने समाधान होईना, म्हणून आम्ही दगड फोडून पाहायचे ठरवले. मुलांना घाव घालू दिले नाहीत; गारगोटीचे कण काचेइतके धारदार असतात. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून दोन चष्मे आणले. उजव्या हाताचा म्हणून पाटे-वरवंटे टाकणारा एक पाथरवट मिळाला, आणि डाव्या हाताचा म्हणून मुलीचा मामा आला. तो मोटारींच्या वाइंडिंगचे काम करतो. पाथरवटाला मी टॉथ यांचा तर्क समजावला नाही. तो ऐकून त्याने मुद्दाम तसेच केले असते तर चाचणीचा उपयोग उरला नसता.

पाथरवटाने गोटा हातात घेतलाच नाही. तो जमिनीवर मांडी घालून बसला, खाली पोत्याची घडी टाकली, गोटा तिच्यावर ठेवून डाव्या पायाच्या अंगठ्याने दाबला आणि घाव घातला. दुसऱ्या घावासाठी तो थांबला, गोटा उचलून चारही बाजूंनी पाहिला, दोन बोटांनी ठोकून आवाज ऐकला, आणि मग भलत्याच अंगाने मारले. मी विचारले, की पहिल्या घावाच्या शेजारीच का नाही मारले. तो म्हणाला, “गुरुजी, गोटा ज्या अंगानं तोंड देते, त्याच अंगानं मारा लागते. आपल्या मनानं मारलं तं फुटते, निघत नाही.”

त्याच्या बोलण्यातला फुटणे आणि निघणे हा भेद छिलक्यांवरच्या लेखनात असायला हवा होता, असे मला वाटले. फुटणे म्हणजे गोटा वाया जाणे. निघणे म्हणजे हवी ती चकती सुटणे. चकती सुटायला कडेचा कोन काटकोनाहून कमी असावा लागतो, आणि तो कोन गोट्याच्या कोणत्या बाजूला आहे हे गोटा ठरवतो, मनगट नव्हे. मामा हातात गोटा धरून मारत होता, तरी काही वेळाने तोही कोन शोधत गोटा दोन्ही दिशांना फिरवू लागला. संध्याकाळी दोघांचे ढीग वेगवेगळे ठेवून पाहिले तर दोन्हींत दोन्ही प्रकारचे छिलके मिसळलेले होते, आणि कोणता ढीग डावऱ्याचा हे मला चिठ्ठी न वाचता सांगता आले नसते.

दोन नवशिक्यांची एका दुपारची खटपट म्हणजे पुरावा नव्हे, हे उघड आहे. (पाथरवट त्याच्या कामात तरबेज असला, तरी या कामात नवशिकाच.) पण ज्यांनी हे काम शिस्तीने केले त्यांचे म्हणणेही याच दिशेने जाते. ब्रायना पोबिनर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगानंतर छिलक्यावरच्या सालीची बाजू पाहून फोडणाऱ्याचा हात सांगता येत नाही असाच निष्कर्ष काढला. टॉथ यांचे निरीक्षण म्हणून खोटे ठरत नाही. मात्र त्या झुकावाचे कारण हातच आहे, एवढे ठामपणे म्हणणे अवघड होते.

थोरल्या सुनेचे खुरपे

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवले ते एका खुरप्याने, आणि तेही आयतेच समोर आले. मुलीच्या घरी चहाला बसलो असताना तिच्या आजीने निंदणाला जाण्यासाठी ओसरीवरच्या खुरप्यांतून एक उचलले, मुठीत धरून पाहिले आणि लगेच खाली ठेवले. “हे थोरल्या सुनेचं व्हय,” ती म्हणाली, “माह्या हाताले नाही बसत.” मी दोन्ही खुरपी शेजारी धरली. आजीच्या खुरप्याचे पाते एका कोपऱ्याला झिजून तिरपे झाले होते. थोरल्या सुनेच्या खुरप्याचे दुसऱ्या कोपऱ्याला, जणू आरशात पाहावे तसे. थोरली सून म्हणजे त्या मुलीची आई, आणि तीही डावरी.

आजीला त्यासाठी दोनशे खुरपी लागली नाहीत. एका खुरप्याने एका माणसाचा हात सांगितला, कारण ते खुरपे त्याच हाताने रोज, त्याच कलाने, पुन्हापुन्हा मातीत ओढले होते. छिलका एका घावात जन्मतो, खुरपे हजारो ओढींनी झिजते. पुराव्याचे हे दोन प्रकार वेगळे आहेत, आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर सगळी चर्चा घसरते.

रशियन अभ्यासक सेर्गेई सेम्योनोव यांनी हाच आजीचा मार्ग दगडी हत्यारांसाठी शास्त्राच्या पायरीला नेला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात चामडे खरवडण्याच्या तासण्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी दाखवले, की बहुतेकांची धार उजव्या अंगाला अधिक झिजलेली आहे. तासणी तिरपी धरून ओढली की असेच होते. लॉरेन्स कीली यांनी इंग्लंडमधल्या क्लॅक्टन येथील एका टोच्यावरच्या खुणांवरून तो दाबून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला होता असे म्हटले. उजव्या हाताने स्क्रू घट्ट करताना जोर लागतो तीच ही दिशा. इथे एक सावधगिरी मला सुचते. असा निष्कर्ष हाताने पिळलेल्या टोच्याबद्दलच काढता येतो. माहुरझरी अकीक-कार्नेलियनच्या मण्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण मण्याचे भोक धनुकलीच्या सामत्याने, म्हणजे धनुकलीच्या दोरीने फिरवायच्या गिरमिटाने, पाडले असेल तर सामता एकदा इकडे आणि एकदा तिकडे असा आळीपाळीने फिरतो, आणि भोकातल्या खुणांवरून कारागिराचा हात कळण्याची आशा तिथेच संपते.

खुरपी पाहून घरी आलो आणि पेटीतली एकुलती एक तासणी सोनाराकडून मागून आणलेल्या भिंगाखाली धरली. तिची अर्धी धार बोथट आणि गुळगुळीत आहे, अर्धी अजून खरखरीत. बोथट भागावरही जुने पुट चढलेले आहे, म्हणजे ती झीज ट्रॅक्टरची नाही. पण ती चामड्याने झिजली की नाल्याच्या वाळूत लोळून, हे त्या झिजेतल्या बारीक रेघांची दिशा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि त्यासाठी सोनाराची भिंग पुरत नाही. ती तासणी वेगळ्या डबीत, कापसात ठेवली आहे.

दात आणि पंजे

झिजेच्याच जातीचा, पण हत्याराऐवजी देहावर उरलेला पुरावा दातांचा आहे. मांसाचा तुकडा एका हाताने ताणून पुढच्या दातांत धरायचा आणि दुसऱ्या हातातल्या धारदार छिलक्याने ओठांजवळ कापायचा, ही सवय असली की छिलका कधीमधी दातांवर घासतो आणि तिरप्या रेघा उमटतात. त्या कोणत्या दिशेला झुकतात यावरून कापणारा हात कळतो. स्पेनमधल्या सिमा दे लोस वेसोस येथील चार लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांवर बहुतांशी उजव्या हाताच्या रेघा आहेत, आणि टांझानियातल्या ओल्डुवाई येथील सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या एका जबड्यावरही उजव्या हाताचा कल दिसतो असे डेव्हिड फ्रेयर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडले. मला या सर्वांत हा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो, कारण इथे रेघांचा मालक आणि हाताचा मालक एकच आहे. आमच्या नाल्याने मात्र दात दिलेला नाही.

हाताच्या पंजांचा विषय मुलांनीच काढला, कारण गावात लग्नानंतर भिंतीवर हळदीचे पंजे उमटवतात. मुलांनी गल्लीतले पंजे पाहून घेतले आणि सगळे उजवे असल्याचे सांगितले. मुलीची आईही डावरी असून तिच्या सासरच्या भिंतीवरचा पंजा उजवाच आहे. शुभकार्यात डावा हात पुढे केला की घरातली मोठी माणसे टोकतात. त्या भिंतीवर कोणाचा हात कुठला हे नाही, तर रीत कुठली हे उमटले आहे. फ्रान्स आणि स्पेनमधल्या गुहांतले पुष्कळसे पंजे निराळ्या तऱ्हेचे आहेत. भिंतीवर हात टेकवून त्याभोवती रंग फुंकला की हाताची मोकळी छाया उरते, आणि रंगाची नळी कामाच्या हातात असल्यामुळे छाया उरते ती दुसऱ्या हाताची. शार्लोत फोरी आणि मिशेल रेमों यांनी २००४ मध्ये अशा छाया मोजल्या तेव्हा सुमारे ७७ टक्के डाव्या हाताच्या निघाल्या, आणि १७९ फ्रेंच विद्यार्थ्यांना तेच करायला लावले तर त्यांतही सुमारे ७७ टक्के डाव्याच निघाल्या. ही तुलना मला आवडते, कारण तिच्यात जुन्या पुराव्याशेजारी आजचा माणूस त्याच कामाला बसवला आहे. पण गुहेतही रीत नावाची गोष्ट असू शकते, हे हळदीचे पंजे पाहिल्यावर विसरता येत नाही.

पेटीवरची चिठ्ठी

शेवटी मुलांबरोबर बसून पेटीची मांडणी नव्याने केली. सूक्ष्मास्त्रे एका डब्यात, सालवाले छिलके दुसऱ्यात, ताजे तुटलेले तिसऱ्यात. यापुढे वावरात काही दिसले तर जागेवर फोटो काढायचा, गट क्रमांक आणि नाल्यापासूनचे अंतर लिहायचे, आणि नाल्याच्या काठात कोणीही खणायचे नाही, कारण उत्खनन हे परवानगीशिवाय करायचे काम नव्हे. दगड धुवायचे असतील तर एका वेळी एकच पुडी, ही अट मी स्वतःवर घातली आहे.

सालवाल्या छिलक्यांच्या डब्यावरची चिठ्ठी मी अशी लिहिली: “ठिकाण मिसळलेले, काळ मिसळलेला. फोडणाऱ्याचा हात या छिलक्यांवरून सांगता येत नाही.” मुलीने ती वाचली, आमच्या दोन्ही वह्या तिच्याखाली सुतळीने बांधल्या आणि चिठ्ठीच्या तळाशी पेन्सिलीने एक ओळ जोडली: “मोजणारे दोन, एक उजवा, एक डावरी. आकडे जुळले नाहीत.”